बाबांची झेनिटवरची ५८ मिमी लेन्स नव्या मिररलेसवर लावली, लांबचं काहीच फोकस होत नाही

सायली_क

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, मधली पायरी सुटायला नको.

बाबांकडे झेनिट-ई होता. माझ्या लहानपणचे घरातले सगळे फोटो त्यानेच काढलेले. कॅमेऱ्याचं शटर कधीच अडकलं, पण त्यावरची हेलिऑस ४४-२ (५८ मिमी, एफ/२) अजून ठणठणीत आहे. फोकस रिंग सुरळीत फिरते, ॲपर्चरची (उजेड आत सोडणाऱ्या भोकाची; एफचा आकडा छोटा तितकं भोक मोठं) आठही पाती एकसारखी मिटतात, आत बुरशीचं जाळं नाही. मोबाइलच्या टॉर्चसमोर धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं. अगदी बारीक धूळ आहे, तेवढंच.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे निकॉनचा डीएसएलआर होता. तेव्हा एम४२ (हेलिऑसचे ४२ मिमी आटे) ते निकॉन एफ (निकॉन डीएसएलआरची लेन्स बसवायची जोडणी) अशी एक पातळ चकती घेतली होती, आत काच नसलेली. लेन्स नीट बसायची, फुलांचे वगैरे जवळचे फोटो सुरेख यायचे, पण लांबचं फोकस व्हायचंच नाही. चौकशी केली तेव्हा जो तो म्हणाला की डीएसएलआरमध्ये आरसा असतो म्हणून हे होतं, मिररलेस (आरसा नसलेला कॅमेरा) घेतलास की प्रश्न मिटला. मी तो दिवस मनात धरून बसले होते.

आता निकॉनचा मिररलेस झेड५ घेतला, सोबत एफटीझेड ॲडॅप्टर (निकॉन एफच्या लेन्स झेडवर बसवणारी कडी). जुनी चकती लेन्सवर होतीच, ती तशीच ठेवून लेन्स एफटीझेडवर बसवली. बाबा खिडकीपाशी बसले होते. म्हणाले, "समोरचा डोंगर काढ." रिंग इन्फिनिटीला (सगळ्यात लांबच्या फोकसच्या टोकाला) टेकवली आणि व्ह्यूफाइंडरमध्ये डोंगराच्या जागी नुसता निळसर पट्टा. बाबांना वाटलं लेन्स बाद झाली. ते काही बोलले नाहीत, पण लेन्स हातात घेऊन बराच वेळ पुसत बसले. मला ते फार लागलं.

एका मैत्रिणीकडे काच असलेली चकती होती, तीही लावून पाहिली. तिने डोंगर दिसतो, पण एफ/२ ला सगळं साय धरल्यासारखं येतं.

आणखी दोन अडचणी आहेत. उजेड समोरून असला की फोटोच्या मध्यभागी पांढुरका डाग पडतो आणि काळा रंग राखाडी होतो. शिवाय भाचा एक क्षण स्थिर नसतो, त्याच्यावर हाताने फोकस करेपर्यंत तो दुसऱ्या खोलीत.

माझा खरा प्रश्न पहिलाच आहे. आरसा गेला, तरी लांबचं का येत नाही? लेन्स खरंच बाद झाली का?

निसर्गवेडा

जुन्या लेन्स एफ/२ ला मऊच असतात. एफ/८ किंवा एफ/११ ठेवून बघा, डोंगर येईल. माझ्या ५० मिमीला तसंच करावं लागतं.

टूलरूमवाला

सायलीताई, लेन्स बाद झालेली नाही, बाबांना आजच सांगून टाका. कारण मला दिसतंय, पण अंदाजाने बोलायचं नाही म्हणून आधी एक काम करा. कॅमेरा टेबलावर ठेवा, लेन्स पूर्ण इन्फिनिटीला टेकवा, ॲपर्चर एफ/२. समोर जमिनीवर मोजपट्टी पसरा आणि नक्की किती अंतरावरचं शार्प येतंय ते बघा. चकती तुमची जुनी, बिनकाचेचीच ठेवा. "लांबचं येत नाही" एवढ्यावरून काही ठरत नाही. आकडा मिळाला की दोष कुठे आहे ते नेमकं कळेल.

सायली_क

मोजलं. लेन्सच्या तोंडापासून साधारण अडीच मीटरवरचं अक्षर शार्प येतं, त्यापलीकडे सगळं विरघळत जातं. निसर्गवेडा, एफ/१६ सुद्धा करून पाहिलं. डोंगराची कड जरा कळते, पण शार्प म्हणता येणार नाही.

टूलरूमवाला

अडीच मीटरने सगळं सांगून टाकलं. आता निवांत लिहितो.

मी टूलरूममध्ये काम करतो. दिवसभर हातात व्हर्नियर नाहीतर मायक्रोमीटर, त्यामुळे मला हा प्रश्न काचेचा कमी आणि मापाचा जास्त वाटतो. प्रत्येक माउंटला (लेन्स-कॅमेऱ्याच्या जोडणीला) एक ठरलेलं अंतर असतं: लेन्स जिथे टेकते ती धातूची बैठक आणि फिल्म किंवा सेन्सर यांच्यातलं. याला फ्लँज अंतर म्हणतात. लेन्स बनवणारा हे अंतर धरूनच इन्फिनिटीची खूण करतो. एम४२ चं अंतर ४५.४६ मिमी. निकॉन एफचं ४६.५. निकॉन झेडचं १६.

तुमची हेलिऑस सेन्सरपासून ४५.४६ वर बसायला हवी. निकॉन एफच्या बैठकीवर ठेवली की ती ४६.५ वर जाते, म्हणजे १.०४ मिमी लांब. चकतीला स्वतःची कड असेल तर तेवढी आणखी लांब. लेन्स सेन्सरपासून लांब नेली की जवळचं फोकस होतं, एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये घालायची पोकळ नळी) हेच करते. म्हणूनच तुमची फुलं सुरेख येत होती.

हे मोजायचा एक सोपा हिशोब आहे, वहीच्या मागे लिहून ठेवा. फोकल लेंग्थचा वर्ग करा आणि त्याला जादा झालेल्या मिलिमीटरने भागा. जास्तीत जास्त किती अंतरापर्यंत फोकस जाईल ते मिलिमीटरमध्ये मिळतं. ५८ चा वर्ग ३३६४. तुम्ही अडीच मीटर सांगितलंत, म्हणजे २५००. उलटा भागाकार केला तर चूक निघते साधारण १.३५ मिमी. त्यातले १.०४ दोन माउंटच्या फरकाचे, उरलेले ०.३ तुमच्या चकतीच्या कडेचे. चकती काढून कड मोजा, तेवढीच भरेल.

आता मिररलेस घेऊनही फरक का पडला नाही ते बघा. एफटीझेडचं काम एवढंच की झेडच्या १६ मध्ये ३०.५ मिमी घालून निकॉन एफचे ४६.५ पुरे करायचे, आणि ते तो चोख करतो. आरसा गेल्यामुळे जी मोकळी जागा हाती आली होती ती तुम्ही एफटीझेड लावून पुन्हा भरून टाकलीत, आणि लेन्स जिथे डीएसएलआरवर बसायची बरोबर तिथेच येऊन बसली. "मिररलेस घेतला की प्रश्न मिटतो" हे खरं आहे, पण ॲडॅप्टर थेट असेल तरच.

तुम्हाला एम४२ ते निकॉन झेड असा सरळ ॲडॅप्टर हवा. ४५.४६ वजा १६, म्हणजे २९.४६ मिमी जाडीची, काच नसलेली नळी. एफटीझेड आणि जुनी चकती दोन्ही बाजूला ठेवा.

निसर्गवेडा म्हणतात तसं ॲपर्चर मिटून हे का झाकलं जात नाही, तेही सांगतो. चूक भागिले एफ-आकडा एवढा धुरकट ठिपका सेन्सरवर पडतो. १.३५ भागिले १६ म्हणजे ०.०८४ मिमी. झेड५ चा एक पिक्सेल साधारण ०.००६ मिमीचा. म्हणजे एफ/१६ ला सुद्धा डोंगरावरचा प्रत्येक बिंदू चौदा पिक्सेलभर पसरतो. ०.०५ मिमीची चूक एफ/८ ला नक्की झाकली जाईल, १.३५ मिलिमीटरची झाकली जाणार नाही.

काच असलेल्या चकतीत एक छोटं अंतर्गोल भिंग असतं. ते प्रतिमा मागे ढकलतं म्हणून डोंगर दिसला, पण त्या भिंगाने लेन्सची फोकल लेंग्थ थोडी वाढते आणि मोठ्या ॲपर्चरला साय धरते. हेलिऑसचा त्यात काही दोष नाही.

आता ॲडॅप्टर हातात आला की तो आधी मोजा. हे मी कळकळीने सांगतोय, कारण मी न मोजता बसवला आणि एक चांगली लेन्स जवळजवळ गमावली. माझ्याकडे एम४२ ची एक २८ मिमी होती. नवा ॲडॅप्टर लावला आणि साडेसहा मीटरच्या पलीकडचं सगळं मऊ. मला वाटलं, जुनी लेन्स आहे, कुणीतरी खोलून चुकीची बसवली असेल. दोन रविवार घालून मी तिचा पुढचा भाग उघडला आणि मूळ जागेची खूण हातची घालवली. नंतर सुचलं आणि ॲडॅप्टर मायक्रोमीटरखाली धरला: २९.५८. फक्त ०.१२ जास्त. २८ चा वर्ग ७८४, भागिले ०.१२, साडेसहा मीटर! मूळ लेन्स पहिल्यापासून बरोबर होती. हेच ०.१२ तुमच्या ५८ वर अठ्ठावीस मीटरपर्यंत पोचू देतील, म्हणजे घरात कधी लक्षातही येणार नाही. लेन्स जितकी वाइड तितकी चूक लवकर उघडी पडते.

तो ॲडॅप्टर मी नंतर लेथवर धरून एम४२ च्या बैठकीकडून ०.१५ खरवडून काढला, २९.४३ केला आणि उघडा पडलेला पांढरा ॲल्युमिनियम पुन्हा मॅट काळा केला. पण ज्यांच्याकडे लेथ नाही त्यांनी कानस किंवा पॉलिश पेपर घेऊन हे अजिबात करू नये. हाताने घासलं की एक बाजू जास्त जाते, लेन्स तिरकी बसते आणि फोटोची डावी कड शार्प, उजवी मऊ असं कायमचं दुखणं मागे लागतं. जाड निघाला तर परत करा.

मोजताना बैठक ते बैठक मोजायचं, बाहेरची सजावटीची कड धरायची नाही. एका जागी मोजून थांबू नका, चार बाजूंना मोजा. चारही आकडे दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या आत जुळले तर ॲडॅप्टर सरळ आहे. २९.४६ च्या जरा खाली असला तर चांगलंच: इन्फिनिटी थोडी अलीकडे येईल आणि रिंग तिच्या पुढेही किंचित फिरेल, पण काही हरवणार नाही. पातळ असलेला वापरता येतो, जाड असलेला नाही.

जुनी_काच

टूलरूमवाला दादांनी पहिल्या प्रश्नाचं काम पूर्ण केलंय. मी पांढुरक्या डागाबद्दल लिहिते, कारण त्याने मी स्वतः फार छळले गेले आहे.

दोन वेगळी कारणं असतात आणि दोन्हींवर उपाय वेगळे. पहिलं, हेलिऑस ४४-२ चं कोटिंग एकपदरी आहे. फ्रेमच्या बाहेरचा उजेड पुढच्या काचेवर तिरका पडला की कॉन्ट्रास्ट जातो. याची परीक्षा सोपी: फोटो काढताना मोकळ्या हाताने लेन्सवर सावली धरा, हात फ्रेममध्ये न येऊ देता. काळा रंग परत काळा झाला तर फक्त हूड (लेन्सच्या तोंडावर सावली धरणारी कडी) हवा. ४९ मिमी आट्यांचा कुठलाही खोलगट हूड चालेल, फक्त कोपरे कापत नाही ना ते पाहून घ्या.

दुसरं कारण ॲडॅप्टरचं पोट. या लेन्सने टाकलेलं प्रतिमेचं वर्तुळ सेन्सरपेक्षा मोठं असतं. सेन्सरवर न मावलेला उजेड नळीच्या आतल्या भिंतीवर आपटतो. भिंत चकचकीत असेल तर तो उलटून सेन्सरवर येतो आणि नेमका मध्यभागी डाग पडतो. ॲडॅप्टर लेन्ससकट कॅमेऱ्यातून काढा, खिडकीकडे धरा आणि कॅमेऱ्याच्या बाजूने आत डोळा लावा. डोळा जरा बाजूला नेत बघा. आतली भिंत चंद्रकोरीसारखी चमकली की समजा चोर सापडला. काळा रंग दिलेला असूनही चमकते, कारण तो रंग मॅट नसतो.

उपाय काळ्या मखमली चिकटकागदाचा, ज्याला फ्लॉकिंग पेपर म्हणतात. नळीच्या आतला घेर दोऱ्याने मोजा, तेवढी पट्टी कापा. रुंदी मुद्दाम एक-दोन मिलिमीटर कमी ठेवा, म्हणजे ती आट्यांवर किंवा बायोनेटवर (कॅमेऱ्याकडच्या फिरवून अडकणाऱ्या जोडणीवर) चढणार नाही. कापलेल्या कडांचे धागे सुटतात आणि ते थेट सेन्सरवर जाऊन बसतात, म्हणून लावण्याआधी कडांवर चिकटपट्टी दाबून दाबून सुटे धागे ओढून घ्या. लावल्यावर लेन्स जवळच्या टोकापासून इन्फिनिटीपर्यंत फिरवून बघा, मागचा भाग कागदाला घासत नाही ना. माझ्या एका ॲडॅप्टरला हे केलं त्या संध्याकाळी त्याच खिडकीतून तोच फोटो पुन्हा काढला. पडद्यामागच्या सावलीतलं लाकडाचं विणकाम दिसायला लागलं. आधी तिथे नुसता राखाडी लेप होता. मी दोन्ही फोटो शेजारी ठेवून किती वेळ बघत होते.

आता भाच्याबद्दल. ४४-२ प्रीसेट लेन्स आहे, आणि तीच इथे कामाला येते. आकडे असलेली रिंग समजा एफ/४ ला लावून ठेवा. दुसऱ्या रिंगला क्लिक नाहीत, ती एका दिशेला फिरवली की लेन्स पूर्ण उघडते, दुसरीकडे फिरवली की बरोबर एफ/४ ला येऊन थांबते. उघड्या ॲपर्चरला फोकस करा, बोटाने रिंग मिटवा, दाबा. व्ह्यूफाइंडरवरून डोळा काढायची गरज नाही. घाई असेल तर मात्र सरळ एफ/४ लाच फोकस केलेलं बरं, एक कृती वाचते.

फोकस पीकिंगची (शार्प कडा रंगाने दाखवण्याच्या सोयीची) संवेदनशीलता कमी ठेवा. जास्तीवर ठेवली तर निम्मा चेहरा लाल होतो आणि खरं फोकस नाकावर आहे की पापणीवर ते कळत नाही. एफ/२ ला मी पीकिंग बंदच ठेवते आणि मॅग्निफाय बटणावर विसंबते. पळत्या मुलासाठी दोन्ही विसरा. अंतर आधीच लावून ठेवा, दीड मीटर म्हणा, आणि मूल त्या अंतरावर आलं की दाबा. किंवा स्वतः पाऊलभर मागेपुढे व्हा. रिंग फिरवण्यापेक्षा कंबरेतून झुकणं कितीतरी चपळ.

एक सेटिंग विसरू नका: झेड५ ला लेन्सशी काहीच बोलता येत नाही, म्हणून सेटअप मेनूत नॉन-सीपीयू लेन्स डेटामध्ये (इलेक्ट्रॉनिक जोडणी नसलेल्या लेन्सची माहिती) फोकल लेंग्थ ५८, ॲपर्चर एफ/२ भरा. ५८ यादीत नसेल तर जवळचा आकडा. सेन्सर हलवून कंप आवरणारी यंत्रणा या आकड्यावर चालते. चुकीचा राहिला तर हात स्थिर असूनही फोटो हलतो. एपीएस-सी (छोट्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावरही खराच आकडा भरायचा, दीडपट केलेला नाही. एक्स्पोजरसाठी ए मोड पुरतो, ॲपर्चर लेन्सवर, शटर कॅमेरा ठरवतो.

हेलिऑसची ती गरगर फिरणारी पार्श्वभूमी हवी असेल तर एफ/२, माणूस दीड-दोन मीटरवर, आणि मागे काही मीटरवर उन्हाचे कवडसे असलेली झाडी. कडेचे प्रकाशबिंदू लेन्सच्या नळीने कापले जाऊन मांजराच्या डोळ्यासारखे होतात आणि मध्याभोवती वळतात, म्हणून ती गरगर. फुलफ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) ती पूर्ण दिसते, छोट्या सेन्सरवर कडाच कापल्या जातात म्हणून विरते.

अथर्व_फिल्म

धागा जपून ठेवतोय. माझ्या दोन शंका. काकांची कॅनन एफडी (कॅननचा जुना माउंट) ५० मिमी आहे, ती माझ्या कॅननच्या ईएफ डीएसएलआरवर बसेल का? कॅनन ते कॅनन आहे म्हणून विचारतो. आणि एक रशियन लेन्स मिळाली आहे, आटे ३९ मिमीचे. तिला एम३९ चा कुठलाही ॲडॅप्टर चालेल ना?

टूलरूमवाला

अथर्व, कंपनी एक असली तरी माप एक नाही. एफडीचं अंतर ४२ मिमी, ईएफचं ४४. दोन मिलिमीटर आत घुसायला जागाच नाही, म्हणून काचेशिवाय इन्फिनिटी मिळणार नाही. कॅननच्या मिररलेसच्या आरएफ माउंटचं अंतर २० मिमी, त्यावर २२ मिमीचा साधा ॲडॅप्टर छान चालतो. मात्र एफडीच्या ॲडॅप्टरवर एक फिरती कडी असते. ती लेन्स बसवल्यावर योग्य बाजूला फिरवली नाही तर ॲपर्चर रिंग कितीही फिरवा, पाती उघडीच राहतात. पहिल्या दिवशी सगळे इथेच अडकतात.

एम३९ मध्ये मात्र डोळे उघडे ठेवा. ३९ मिमी आट्यांच्या दोन वेगळ्या जाती आहेत. लायका पद्धतीच्या रेंजफाइंडर (वेगळ्या खिडकीतून अंतर जुळवणाऱ्या कॅमेऱ्याच्या) लेन्सचं अंतर २८.८ मिमी. सुरुवातीच्या झेनिटचं ४५.२. दिसायला आटे सारखे, पण लायका जातीच्या लेन्सला झेनिटचा ॲडॅप्टर लावला तर ती १६.४ मिमी लांब बसते, नाकासमोरच्या मुंगीशिवाय काही फोकस होणार नाही. उलट केलं, तर लेन्स सेन्सरच्या इतकी जवळ जाते की कशावरच फोकस लागत नाही. म्हणून लेन्स आधी ओळखा. रेंजफाइंडरची असेल तर मागच्या बाजूला फोकसबरोबर पुढेमागे होणारी कडी दिसते, ती कॅमेऱ्याच्या रेंजफाइंडरला अंतर सांगते.

ज्युपिटर-१२ निघाली तर थांबा. ३५ मिमी एफ/२.८ आहे, तिची मागची काच कॅमेऱ्याच्या पोटात खोल शिरते. काही कॅमेऱ्यांत ती शटरच्या अवतीभवती टेकू शकते. मोजल्याशिवाय बसवू नका.

झेनिटची ३९ असेल आणि तुम्ही एम४२ चा ॲडॅप्टर वापरून आत ३९ ते ४२ ची बुशिंग (आटे जुळवणारी बारीक कडी) घातलीत, तर ४५.४६ आणि ४५.२ मधला ०.२६ चा फरक आड येतो. ५८ मिमीला तेरा मीटरच्या पुढे जाता येणार नाही. माझ्यामते हा फरक फार लोकांना माहीतच नसतो आणि चांगल्या लेन्स "मऊ" म्हणून कपाटात पडून राहतात. त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

सायली_क

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं, ॲडॅप्टर आला!

आधी जुन्या चकतीची कड मोजली. शेजारच्या काकांकडचा व्हर्नियर आणला. ०.३ मिमी. दादा, तुम्ही न बघता सांगितलेला आकडा. बाबांनी चष्मा लावून स्वतः पुन्हा मोजला, तेव्हाच त्यांचा विश्वास बसला.

नवा ॲडॅप्टर चार बाजूंना मोजला: २९.३८, २९.४०, २९.४०, २९.३८. कॅमेऱ्यावर लावण्याआधीच आत डोळा लावून बघितलं, तर जुनी_काच ताईंनी सांगितलेली चंद्रकोर लख्ख दिसली. त्यामुळे आधी कागद लावला, मग लेन्स. पहिली पट्टी तिरकी कापली गेली, दुसरी नीट बसली.

मग खिडकी. डोंगराच्या माथ्यावर एक टॉवर आहे. पूर्ण मोठं करून बघितलं, एफ/२ ला त्याच्या आडव्या पट्ट्या वेगवेगळ्या मोजता येत होत्या. इन्फिनिटीच्या टोकाच्या जरा अलीकडे सगळ्यात शार्प येतं, तुम्ही म्हणालात तसंच. कोपरे मऊ आहेत, एफ/५.६ ला तेही सावरतात.

एकच राहिलंय. लेन्स पूर्ण आवळली की अंतराची मधली खूण वर येण्याऐवजी डावीकडे खाली येऊन थांबते. अंतर वाचायला कॅमेरा कलता करावा लागतो. बाबा अंतर वाचूनच फोकस करतात, त्यांना ते जमत नाही. लेन्स थोडी सैल ठेवू का?

टूलरूमवाला

सैल अजिबात ठेवू नका. एम४२ च्या आट्यांची पिच १ मिमी आहे, पाव फेरा सैल म्हणजे पाव मिलिमीटर लांब, आपण घालवलेली चूक परत आली.

ॲडॅप्टरच्या बाहेरच्या कडेला तीन बारीक खाचेचे किंवा ॲलन स्क्रू दिसतील, साधारण एकमेकांपासून सारख्या अंतरावर. ते आतली आट्यांची कडी धरून ठेवतात. लेन्स आवळलेलीच ठेवा, तिन्ही स्क्रू अर्धा फेरा सैल करा, बाहेर काढू नका, फार बारीक असतात, पडले की सापडत नाहीत. आता लेन्स कडीसकट फिरवा, खूण बरोबर वर आणा. कडी खाली पूर्ण दाबून धरा आणि तिन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा, एकच पूर्ण आवळला तर कडी एका बाजूला सरकते. झालं की पुन्हा चार बाजूंना मोजा.

टॉवरच्या पट्ट्या एफ/२ ला मोजता आल्या हे वाचून मी जेवणाच्या सुट्टीत सगळ्या टूलरूमला सांगितलं.

सायली_क

झालं. ॲलन स्क्रू होते, चष्मेवाल्याकडचा छोटा पाना लागला. खूण वर आली, जाडी चारही बाजूंना २९.४०.

कॅमेरा बाबांच्या हातात दिला. त्यांनी व्ह्यूफाइंडरला डोळा लावलाच नाही. माझ्याकडे एकदा बघितलं, अंतर मनात धरलं, रिंग दीडच्या जरा पुढे नेली, दुसरी रिंग बोटाने मिटवली आणि मगच कॅमेरा डोळ्याला लावला. शार्प पापण्यांवर आहे.